21 गिअर, दोन शॉकअप आणि एक माळा
मॉलमधली सायकल बहुधा डिटर्जंट आणि प्रेशर कुकर यांच्या मधल्या गल्लीत उभी असते. ती डोळ्यांनी पसंत करायची असते. चालवून बघायला तिथे जागा नसते आणि टायरमध्ये हवाही नसते. सात-आठ हजारांत 21 गिअर, पुढेमागे शॉकअप, दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक आणि दांडीवर एखाद्या हिंस्र श्वापदाचे नाव, एवढा ऐवज पदरात पडतो. त्याच पैशांत सायकलच्या दुकानात साधी, काळी, बिनगिअरची सायकल मिळते. ती पाहून शेजाऱ्यांना काहीच वाटत नाही, हा तिचा मुख्य दोष.

पैसा मोजका असला की तो दिसणाऱ्या भागांत तरी जातो, नाहीतर न दिसणाऱ्या. मॉलच्या सायकलीने पहिला मार्ग धरलेला असतो. मागचा शॉकअप खड्डे गिळतो अशी समजूत आहे. स्वस्तातली स्प्रिंग गिळते ती चालवणाऱ्याची ताकद. चढावर दर पायडलला सीट खालीवर होते, सायकल मात्र फारशी पुढे सरकत नाही. तीन साते एकवीस हा पाढा बरोबर, पण त्या 21 पैकी बरेच गिअर जवळजवळ सारखेच असतात. चांगल्या सायकलीत पैसा हबमधल्या बेअरिंगवर, भक्कम रिमवर आणि स्पोकच्या सारख्या ताणावर खर्च होतो. यातल्या कशाचाही फोटो स्टेटसला ठेवता येत नाही.

खरी गंमत फिटिंगची. ऑनलाइन मागवलेली सायकल खोक्यातून ‘85 टक्के जोडलेली’ येते. उरलेले 15 टक्के म्हणजे हँडल, पुढचे चाक, ब्रेक आणि पायडल. थोडक्यात, ज्यावर जीव अवलंबून तेवढेच. ते काम घरातला कर्ता पुरुष रविवारी अ‍ॅलन की घेऊन पार पाडतो. डाव्या पायडलचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या उलट दिशेने आवळायचे असते. हे मेस्त्रीला ठाऊक असते. कर्त्या पुरुषाला फक्त जोर लावणे ठाऊक असते. क्रँकचे आटे जातात आणि पायडल भर चौकात गळून पडते. काही घरांत पुढचा चिमटाच उलटा बसतो, ब्रेकचा कॅलिपर मागचा पुढे येतो आणि सायकल आणखी स्पोर्टी दिसू लागते. चाकाचा आउट काढायला मॉलमध्ये कोणी नसते. मग ती माळ्यावर चढते. तिने पार केलेला तो एकमेव घाट.

नावावर विसंबण्यातही अर्थ नाही. शिकागोत 1895 साली सुरू झालेल्या श्विनच्या सायकली अनेक दशके खास सायकलविक्रेत्यांकडे मिळत. 2001 मध्ये कंपनीचे दिवाळे वाजले, नवा मालक आला आणि तेच नाव वॉलमार्टच्या फळीवर लागले.

दुसऱ्या टोकाला काचेच्या दरवाजाची दुकाने आहेत. तिथली लाखाची कार्बन सायकल उत्तमच असते. फक्त ती रविवारी सकाळी मिसळ खायला जाते आणि दमून परत येते. रोज कामावर किंवा शाळेत जाणाऱ्याचा या दोन्हींशी संबंध नाही. आठ हजारांत 21 गिअरची चांगली सायकल बनत नाही. बिनगिअरची बनते, आणि ती घेताना मेस्त्रीने चाक फिरवून दाखवल्याशिवाय गिऱ्हाइकाने पैसे देऊ नयेत.