गव्यांच्या कळपातला बांदेकर

बांद्यात क्रिकेटवाले पैशाला पासरी. भात कापून झालं की कुठल्याही कुणग्यात तीन काठ्या रोवून टेनिस बॉलची स्पर्धा उभी राहते आणि समालोचकाचा आवाज तेरेखोल नदीच्या पलीकडे ऐकू जातो. फुटबॉलवाला मात्र वाडीत एखादाच. वय अठरा ते बावीस, कॉलेजात नाव, अंगात नारिंगी जर्सी. निवडणुकीच्या दिवसांत ही जर्सी घालून तो बाजारातून गेला की दोघंतिघं हमखास विचारतात, "कोणाचो प्रचार रे?" एखादा तर उत्तराची वाट न बघता आपल्या दारातल्या गटाराची तक्रारही सांगून मोकळा होतो. हा सगळ्यांना सारख्याच गांभीर्याने सांगतो, "एफसी गोवा."

घोळाला सुरुवात इथूनच. रेशनकार्ड सिंधुदुर्गाचं, मत सावंतवाडीच्या आमदाराला, आणि मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर सामना ठरला की हा म्हणणार, "शनिवारी आपली घरची मॅच आसा." घर कुठे, तर दुसऱ्या राज्यात, पंच्याऐंशी-नव्वद किलोमीटरवर. पण बांद्याचा एकूण हिशेबच तसा आहे. दुखणं बळावलं की बांबोळीचं हॉस्पिटल, नोकरी मोपाच्या विमानतळावर नाहीतर वेर्ण्याच्या कारखान्यात, मावशी पेडण्याला. १५ ऑगस्ट १९५५ रोजी पत्रादेवीच्या सीमेवर गोवामुक्तीसाठी गेलेल्या सत्याग्रहींनी पोर्तुगिजांच्या गोळ्या झेलल्या. आता त्याच रस्त्याने बांद्याची पोरं मोटारीच्या खिडकीतून झेंडा बाहेर काढून जातात आणि फक्त पेट्रोलचा काटा बघतात. गोव्यात पेट्रोल स्वस्त, म्हणून निघताना टाकीत पत्रादेवी ओलांडण्यापुरतंच ठेवायचं, हा या पंथाचा पहिला नियम. हा नियम पाळण्याच्या नादात अलीकडच्या चढावर गाडी ढकललेले भक्त प्रत्येक तुकडीत निघतात.

"महाराष्ट्राचा संघ मुंबई सिटी. तू गोव्याचं कसलं कौतुक सांगतोस?" असं कुणी विचारलं की त्याला आनंद होतो, कारण उत्तर तयार असतं. "मुंबई खंय, मडगाव खंय! आणि तेंका आमी सात गोल घातले." हे आमी म्हणजे १७ नोव्हेंबर २०१५ चा एफसी गोवा. त्या संध्याकाळी फातोर्ड्यावर मुंबईचा ७-० असा धुव्वा उडाला. हाओकिप आणि डुडू या दोघांनी प्रत्येकी तीन गोल केले. आमचा हा तेव्हा प्राथमिक शाळेत पाढे म्हणत होता. पण गोल त्यानेच घातल्यासारखा सांगतो, आणि दरवेळी सातवा गोल थोडा लांबून मारलेला असतो.

कोल्हापूरकडचे कुणी सर भेटले तर गाडी जरा अडखळते. आंबोलीचा घाट चढून गेलं की खरा फुटबॉल सुरू होतो, असं कोल्हापूरकरांचं म्हणणं, आणि शाहू स्टेडियमवर पाटाकडील आणि खंडोबा तालीम भिडल्या की पेठा कशा ओस पडतात ते ऐकल्यावर ते खोडून काढणं अवघडच. मग हा इतिहासात शिरतो. १८८३ साली फादर विल्यम लायन्स नावाच्या पाद्र्याने शिवोलीत पोरांच्या पायात पहिला चेंडू दिला आणि गोव्यात फुटबॉल आला, असं सांगतात. शिवोली बांद्याहून तासाभराच्या आत. "म्हणजे तसो बगलास तर आमच्या शेजाराकच सुरू झालो," असा निष्कर्ष काढून तो चहा मागवतो. पैसे सरांनी द्यायचे असतात.

घरात मात्र या निष्ठेची किंमत वेगळी. एफसी गोवाच्या बोधचिन्हावर गवा आहे, खेळाडूंना आणि समर्थकांना 'गौर्स' म्हणतात, कारण गवा हा गोव्याचा राज्यप्राणी. पण सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांना गवा बोधचिन्ह म्हणून माहीत नाही, भाताचा आणि केळीचा फडशा पाडणारा म्हणून माहीत आहे. नुकसानभरपाईसाठी वनखात्याकडे पंचनाम्याचे कागद घेऊन फिरणाऱ्या बापसाला मुलाच्या पाठीवरचा गवा दिसला की त्याचा जीव वरखाली होतो. "राती गवो येऊन भात खाता, आणि ह्यो दिवसाढवळ्या तेच्या नावान आरडता." यावर उत्तर नाही. मुलगा जर्सी धुवायला टाकतो आणि वाळत मात्र परसात, बापूस जाणार नाही तिकडे घालतो.

सामना शनिवारी असला तरी याचा सामना सोमवारीच सुरू होतो. तासाला वहीच्या मागच्या पानावर अकरा नावं लिहिली जातात, खोडली जातात, पुन्हा लिहिली जातात. प्रशिक्षकाला फोनच करता आला असता तर बरं झालं असतं, असं त्याला मनापासून वाटतं. मंगळवारी गाडीची जुळवाजुळव. सहा जण "येतंव" म्हणतात, बुधवारी पाच उरतात, शुक्रवारी एकाच्या घरी सत्यनारायण निघतो. गुरुवारी आईची परवानगी. ती लगेच मिळत नाही, पण आईने "जेवाण खंय करतलंस?" असं विचारलं की मिळाली असं समजायचं. निकालाचं भाकीत शुक्रवारपर्यंत ३-० असतं. शनिवारी सकाळी ते २-१ वर येतं आणि म्हापसा सुटताना नुसतं "जिंकले म्हणजे झाला" एवढंच शिल्लक राहतं.

याला कारण आहे. या माणसाला हरण्याची भीती नाही. भीती आहे ती नव्वदाव्या मिनिटाची.

२० डिसेंबर २०१५. आयएसएलची, म्हणजे इंडियन सुपर लीगची, अंतिम फेरी, तीही फातोर्ड्यावरच. ८७ व्या मिनिटाला जोफ्रेने फ्री किकवर गोल मारला, गोवा २-१ पुढे. चेन्नईयनचा चेंडू नव्वदाव्या मिनिटाला गोव्याच्याच गोलरक्षकाच्या अंगाला लागून जाळ्यात गेला, आणि भरपाईच्या वेळेत मेंडोझाने तिसरा घातला. करंडक चेन्नईला. मग २४ एप्रिल २०२४, उपांत्य फेरीचा पहिला सामना, पाहुणे तेच सात गोल खाल्लेले मुंबईकर. गोवा नव्वद मिनिटांपर्यंत २-० पुढे होता. तिथून छांगटे, विक्रम प्रताप आणि पुन्हा छांगटे अशा तीन गोलांनी मुंबई ३-२ जिंकली. त्या दिवसापासून ७-० ची गोष्ट सांगताना त्याचा आवाज थोडा उतरतो. यातून माणूस सावरतो न सावरतो तोच ६ एप्रिल २०२५, रामनवमीचा दिवस. बेंगळुरूकडून उपांत्य फेरीचा पहिला सामना ०-२ हरलेला, दुसऱ्यात फातोर्ड्यावर गोव्याने दोन्ही गोल फेडून बरोबरी साधलेली, सगळं स्टेडियम उभं. ९२ व्या मिनिटाला चाळिशीतल्या सुनील छेत्रीने डोक्याने चेंडू आत ढकलला आणि गोवा स्पर्धेबाहेर.

बांद्यातल्या जुन्या माणसांना ही भीती कळत नाही. रात्रभर दशावतार बघत बसलेल्याला पहाटे राक्षस मरणार हे ठाऊक असतं, तो कितीही नाचला तरी. फातोर्ड्यावर राक्षस नव्वदाव्या मिनिटाला जागा होतो, आणि पुष्कळदा तोच जिंकतो. म्हणून आमचा हा ८५ व्या मिनिटाला घड्याळ काढून खिशात टाकतो, कुणाशी बोलत नाही, आणि "आता निघूया रे, भायर गाड्यो अडकतले" असं म्हणणाऱ्याकडे अशा नजरेने बघतो की तो पुढच्या सामन्याला आपोआप गळतो.

पण या जातीचा खरा कस लागला तो २०२५ च्या दिवाळीत.

त्या वर्षी आयएसएलचे व्यापारी हक्क कुणाकडे राहणार याचा तिढा सुटेना, आणि जुलैत संयोजकांनी स्पर्धाच स्थगित ठेवली. मे महिन्यात भुवनेश्वरला जमशेदपूरला ३-० हरवून गोव्याने सुपर कप जिंकला होता, एवढाच आधार. त्याच्या जोरावर आशियाई स्पर्धेच्या पात्रता सामन्यात १३ ऑगस्टला ओमानच्या अल सीबला २-१ हरवलं, आणि १५ ऑगस्टला चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा गोव्याच्या गटात सौदी अरेबियाचा अल नस्र आला. अल नस्र म्हणजे क्रिस्तियानो रोनाल्डो. झेंडावंदनाहून परतलेल्या पोराच्या हातातला लाडू तसाच राहिला.

दोन आठवड्यांत चतुर्थी आली. घरोघरी मुंबईचे चाकरमानी उतरले, आणि ज्या चुलतभावांनी आजवर "तुमच्या गोव्याचा फुटबॉल" म्हणून नाक मुरडलं होतं, तेच माटवीखाली बसून हळूच विचारू लागले, "तिकीट मिळेल काय रे दोन?" आयुष्यात पहिल्यांदा गावात त्याला मान आला. क्रिकेट स्पर्धेचा समालोचकसुद्धा वाटेत गाडी थांबवून विचारून गेला, "रोनाल्डो येतलो मां?" हा दोन्ही हात कमरेवर ठेवून सांगायचा, "येतलो म्हणजे येतलो." परदेशातल्या सामन्यांना न जाण्याची सवलत रोनाल्डोच्या करारातच असल्याच्या बातम्या फिरत होत्या. त्या यानेही वाचल्या होत्या. वाचून मिटवल्या होत्या.

सामन्याची तारीख २२ ऑक्टोबर, बुधवार, दिवाळीचा पाडवा. कोकणात पाडव्याला गोठ्यात गुरांची पूजा, दुसऱ्या दिवशी भाऊबीज. आवस म्हणाली, पाडव्याला घरात नको रव्हाक? बापूस त्याहून वरचढ: "पाडव्याक गुरांका ओवाळतत, गव्यांका नाय." तिकीट नेहमीच्या कितीतरी पट महाग निघालं होतं. पैसे कमी पडले ते बहिणीकडून उसने, तेही तिच्याच ओवाळणीतून वळते करून घेण्याच्या बोलीवर. हा व्यवहार तिच्या पूर्ण ध्यानात आला नाही म्हणूनच झाला.

आणि सामना तोंडावर आलेला असताना कळलं की रोनाल्डो येत नाही.

संध्याकाळपर्यंत चुलतभावांचे फोन बंद. सहा जागांतल्या तीन रिकाम्या झाल्या. समालोचकाने बाजारात गाठून सगळ्यांसमोर विचारलं, "मगे? खंय गेलो तुझो रोनाल्डो?" आमच्या फुटबॉलवाल्याची उंची नेमकी इथे कळते. तो म्हणाला, "गोवा खेळता मां? बस्स." गेले दोन महिने हाच माणूस रोनाल्डोच्या जेवणाच्या वेळा सांगत हिंडत होता, हे त्या क्षणी कुणी काढलं नाही, तोही विसरला होता. दुसऱ्या दिवशी गोडे-तिखट पोहे डब्यात बांधून उरलेल्या तिघांना घेऊन तो निघाला. पत्रादेवीनंतर पेट्रोल, पर्वरीची कोंडी, झुआरीच्या नव्या पुलावर एक फोटो, आणि अंधार पडायच्या आत फातोर्डा.

अल नस्रने अर्ध्या तासाच्या आत दोन गोल केले. मग ४१ व्या मिनिटाला ब्रायसन फर्नांडिसने, म्हणजे गोव्याच्याच मातीतल्या पोराने, एक परतवला. तो गोल बांदेकराने बघितला की आधीच डोळे मिटून ऐकला याविषयी गाडीतल्या तिघांत मतभेद आहेत. उत्तरार्धात जोआव फेलिक्स मैदानात उतरला आणि कुणीतरी प्रेक्षक सेल्फीसाठी थेट त्याच्यापर्यंत धावत गेला. बांद्याचा नव्हता, हे मुद्दाम नोंदवायला हवं. निकाल २-१, गोवा हरला. नव्वदाव्या मिनिटानंतर मात्र गोव्याने एकही गोल खाल्ला नाही. परतीच्या वाटेवर याने हा मुद्दा तीन वेळा मांडला.

रात्री उशिरा गोव्यातून येणारी, पोरांनी भरलेली गाडी म्हटल्यावर दारूसाठी तपासणी ठरलेलीच असते. बांदा इन्सुली नाक्याच्या अलीकडे, म्हणून बांदेकर तेवढ्यापुरते नशीबवान. सीमेवर फिरतं पथक उभं असलं तरच डिकी उघडावी लागते. डिकीत काय, तर पोह्यांचा रिकामा डबा, एक ढोल आणि काठीला गुंडाळलेला झेंडा. बहुतेक वेळा शिपाई बाटली शोधायची सोडून निकाल विचारतो.

दुसऱ्या दिवशी भाऊबीज झाली. ओवाळणीचा हिशेब अजून मिटलेला नाही.

तेव्हा बांद्या-सावंतवाडीकडच्या ज्या कुणाला फातोर्ड्याचा सामना बघायचा असेल त्याने शुक्रवारी संध्याकाळी बांद्याच्या एसटी स्टँडवर चौकशी करावी. गाडीत एक जागा असतेच. पेट्रोलचा वाटा आधी द्यावा लागतो, आणि शेवटची शिट्टी होण्याआधी उठायची भाषा करणाऱ्याला ती जागा मिळत नाही.