माणशी सात क्विंटल

अशी एक वल्ली तुमच्याही गावात आहेच. लग्नाच्या पंगतीत जिलबीचा, दवाखान्यात सलाईनचा आणि मयतीला गेल्यावर लाकडांचा भाव विचारणारी. आमच्या मानोऱ्यात हे खातं भाऊंकडे आहे. शिवाय कुठलाही आकडा कानावर पडला की तो सोयाबीनमध्ये मोडल्याशिवाय भाऊंना पचत नाही. मुलानं मुंबई-कोची क्रूझची तिकिटं काढून दिली, तेव्हा सगळ्या मार्केट यार्डाला बातमी कळली ती अशी : "मानशी सात क्विंटल. जेवनासकट." सोबतीला माझी नेमणूक झाली. रिटायर मास्तर गावाला कायमच रिकामा दिसतो.

बोट विलिंग्डन बेटाला लागली. बंदर खोल करताना निघालेल्या गाळाचा भराव घालून रॉबर्ट ब्रिस्टो या इंग्रज इंजिनियरनं हे बेट उभं केलं, असं गाइड ताईंनी हिंदीत सांगताच भाऊ खुलले. "म्हंजे गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार! ताई, ये गाळ क्या भाव पड्या?" ताई मल्याळी. त्या गोड हसल्या आणि पुढे चालू लागल्या. दिवसभर त्यांनी हाच उपाय वापरला.

१३४१ साली पेरियार नदीला महापूर आला, मुझिरीसचं जुनं बंदर बुजलं आणि कोचीचं तोंड उघडलं, ही माझी आवडती गोष्ट. ती मी रंगवून सांगितली, तर भाऊ म्हणाले, "पाहा सर, याह्यले पुरानं बंदर देल्लं. आपल्याले पंचनामा देते."

फोर्ट कोचीतलं सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ मध्ये कोचीतच वारला आणि इथंच पुरला गेला. १५३९ मध्ये त्याचे अवशेष पोर्तुगालला नेले. आता कठड्याआड नुसती शिळा आहे. मंडळी गंभीर चेहऱ्यानं फोटो काढत असताना भाऊ माझ्या कानात, पण साऱ्या चर्चला ऐकू जाईल असं म्हणाले, "माल गेला, बारदाना राह्यला." पुण्याच्या दोन बायका तिथून पुढे आमच्यापासून वीस पावलं लांब चालत होत्या. त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

किनाऱ्यावर चिनी जाळी. लांबलचक दांड्यांना टांगलेलं जाळं, मागं दोरांना लोंबणारे धोंडे, आणि ते उचलायला पाच-सहा माणसं. भाऊंनी चपला काढल्या, धोतर खोचलं आणि दोराला हात घातला. वर आले मूठभर मासे आणि एक प्लास्टिकची पिशवी. गळ्यात तुळशीची माळ असलेल्या या गृहस्थांनी मग माशांचा किलोचा भाव विचारला, पेटीचा विचारला, पावसाळ्यातला विचारला.

"खायचं नाही, तर विचारता कशाला?" मी वैतागलो.

"सर, घेनाऱ्याले खरा भाव कोनी सांगत नाई. न घेनाऱ्याले सांगते."

मट्टनचेरीत १५६८ चं सिनेगॉग आहे. अठराव्या शतकात चीनहून आणलेल्या, हातानं रंगवलेल्या निळ्या-पांढऱ्या फरशांवर सगळे अनवाणी, जपून उभे. भाऊंनी तिथं काय विचारलं ते तुम्हाला कळलंच असेल.

बाहेर ज्यू टाऊनच्या गल्लीत मसाल्यांचा वास होता. इथं मिरीच्या वायद्यांचा बाजार चालायचा, दलाल ओरडून बोली लावायचे. पुढे संगणक आले आणि ओरडा थांबला. भाऊ थबकले. सोयाबीनचे वायदे सेबीनं २०२१ च्या डिसेंबरात बंद केले, त्याचं सुतक त्यांनी अजून फेडलेलं नाही. ताई सांगत होत्या : पोर्तुगीजांनी कोचीच्या राजाशी करार करून मिरीचा भाव बांधून घेतला आणि वर्षानुवर्षं तो तसाच ठेवला. १६६३ मध्ये डचांनी कोची घेतलं; त्यांनीही मिरी आम्हालाच विकायची, असं लिहून घेतलं.

भाऊंनी या वेळी काही मोडून पाहिलं नाही. "अन् ज्यानं पिकवली त्याले काय भेटे?"

मी भाषांतर केलं. ताई हसल्या नाहीत, थांबल्या. मी जन्मभर शिकवलेल्या पुस्तकांत तर हा माणूसच नव्हता.

मग भाऊ एका दुकानात शिरले. वरची मिरी बाजूला सारून त्यांनी पोत्यात कोपरापर्यंत हात घातला, तळातले चार दाणे काढले, एक दाताखाली फोडला. "ओलावा हाय." म्हाताऱ्या दुकानदाराला शब्द कळला नसणार, पण तो मनापासून हसला आणि आतून दुसरं पोतं ओढत घेऊन आला. दोघांत एकही भाषा सामाईक नव्हती. बोटं, दाणे आणि कॅल्क्युलेटर एवढ्यावर त्यांचं जमलं. बस हॉर्न मारत होती, मी हाका मारत होतो आणि, आता लिहायला हरकत नाही, मलाही तिथून हलवत नव्हतं. खरेदी झाली पावशेर मिरीची.

आता संध्याकाळी मानोऱ्याहून मट्टनचेरीला फोन जातो. भाऊ मिरी विचारतात, तो आकडा सांगतो. मग तिकडून येतं, "सोया?" २०२४ च्या हंगामात हमीभाव होता ४,८९२ आणि बाजारात लिलाव चार हजारांच्या आसपास सुटत होते. भाऊंचे कट्टे तेव्हापासून पडवीत थप्पी लावून पडलेत. "सोया? सोया रेट?"

भाऊ फोन माझ्या हातात देतात. "सर, तुमी बोला. मले त्याचं हिंदी समजत नाई."