बंदरावरचा पूर्वाश्रमीचा मुंबईकर

पूर्वाश्रमीचा मुंबईकर हा परदेशी पर्यटन जहाजांवर आढळतो. साधारण ऑक्टोबर ते एप्रिल या हंगामात, जहाज मुंबईला लागणार असेल तर तो सहज ओळखू येतो. मुंबई सोडून त्याला पंचवीस-तीस वर्षं झालेली असतात. पासपोर्ट परका, खिशात ओसीआय कार्ड, वय साठीच्या अलीकडे-पलीकडे. वाटेतल्या इतर बंदरांत तो चारचौघांसारखाच वागतो. मस्कतला तर तो सहलीच्या बसमध्ये चक्क झोपलेला असतो. पण मुंबई एका रात्रीवर आली की त्याच्या बोलण्यात दर वाक्याला ‘आमच्याकडे’ येऊ लागतं आणि जेवणाच्या टेबलावरच्या दोन-तीन गोऱ्या जोडप्यांना तो शब्द देऊन बसतो, की जहाजाच्या सहलीवर पैसे घालवू नका, मुंबई मी दाखवतो. जोडपी भिडस्त असतात. त्याची बायको मात्र तोवर जहाजाच्या सहलीचं तिकीट काढून मोकळी झालेली असते. लग्नाला बरीच वर्षं झालेली असल्याचा हा फायदा.

पहाटे तो सगळ्यांच्या आधी डेकवर हजर असतो. जहाज बंदरात शिरताना शहर डाव्या हाताला राहतं आणि कुलाब्याच्या टोकाबाहेरचं प्राँग्ज दीपगृह तो बिनचूक ओळखतो, कारण ते एकोणिसाव्या शतकापासून जागचं हललेलं नाही. पुढे दूरवर, खाडीच्या आरपार एक लांबच लांब रेघ दिसते. ती जवाहर द्वीपाकडे तेल नेणारी पाइपलाइन असल्याचं तो जाहीर करतो. जोडप्यांपैकी कुणीतरी फोनमध्ये बघून सांगतं, की तो जानेवारी २०२४ मध्ये खुला झालेला अटल सेतू आहे, सुमारे २२ किलोमीटरचा. ‘तोच तो,’ असं म्हणून तो विषय बदलतो.

जहाज बॅलार्ड पिअरला लागतं. आगबोटींच्या काळात विलायतेहून आलेले साहेब इथल्याच मोल स्टेशनातून थेट फ्रंटियर मेलमध्ये बसत आणि मुंबईकडे ढुंकूनही न बघता उत्तरेला निघून जात. ती सोय आता राहिलेली नाही. असती तर संध्याकाळपर्यंत जोडप्यांनी तिची चौकशी नक्की केली असती. इमिग्रेशनच्या खिडकीत तो मुद्दाम मराठीत बोलतो. अधिकारी हिंदीत उत्तर देतो. फाटकावरच्या जवानाशीही तो मराठीत बोलतो आणि तिथेही हिंदीच ऐकतो. ग्रीन गेटबाहेरचा टॅक्सीवाला मात्र जोडप्यांकडे एकवार बघून अस्खलित इंग्रजीत भाव सांगतो. इथे आपण मुरलेले आहोत हे दाखवायला पूर्वाश्रमीचा मुंबईकर मीटरची गोष्ट काढतो. त्याच्या आठवणीतला मीटर गाडीच्या बाहेर, बॉनेटच्या कडेला असतो, त्याची पत्र्याची पाटी खाली पाडायची असते आणि आकडा भाड्याच्या कार्डावर ताडून बघायचा असतो. हे तो इतकं रंगवून सांगतो की टॅक्सीवालाही मन लावून ऐकतो आणि मग पुन्हा तोच भाव सांगतो.

गेटवेपाशी गेल्यावर ताजमहाल हॉटेलची गोष्ट येते. इमारतीचं तोंड चुकून उलट्या बाजूला झालं, वास्तुविशारदाने ते पाहिलं आणि वरून उडी टाकली, ही ती गोष्ट. गेटवेवरचे फोटोवालेही ती सांगतात, आणि ती खोटी आहे. मुख्य दरवाजा शहराच्या बाजूला ठेवायचा हे आधीच ठरलेलं होतं. आणि मूळ आराखडा करणाऱ्यांपैकी सीताराम खंडेराव वैद्य १९०३ साली हॉटेल उघडण्याच्या आधीच वारले होते. पूर्वाश्रमीच्या मुंबईकराला वैद्यांचं नाव माहीत नसतं. असतं तर एका मराठी माणसाला त्याने इतक्या सहजी गच्चीवरून ढकललं नसतं.

त्याचं खरं कार्यक्षेत्र म्हणजे काळा घोडा ते फाउंटन हा टापू, आणि या प्राण्याचा अभ्यास तिथेच करावा. जहांगीर आर्ट गॅलरीत शिरून तो ‘समोवार’ हे उपाहारगृह शोधतो. ते २०१५ मध्ये बंद झालं. समोरच्या ऱ्हिदम हाउस या कॅसेटच्या दुकानाचं शटर २०१६ मध्ये कायमचं खाली आलं. फोर्टातल्या गल्लीतलं स्ट्रँड बुक स्टॉल २०१८ मध्ये गेलं. यातल्या प्रत्येक बंद दारासमोर तो जोडप्यांना उभं करतो आणि आत कुठे काय होतं, कोण कुठे बसायचं, कुठली कॅसेट कितीला घेतली, हे शटरकडे बोट दाखवून सांगतो. जोडपी आधी शटरचा फोटो काढतात, मग शेजारच्या मांजराचा. जुनी लाल डबलडेकर दाखवायची म्हणून सगळे बसस्टॉपवर बराच वेळ उभे राहतात. डिझेलवरची शेवटची डबलडेकर सप्टेंबर २०२३ मध्येच निवृत्त झाली. आता येते ती विजेवरची, वातानुकूलित. तिच्यात बसायला तो ठाम नकार देतो. काळी-पिवळी पद्मिनीही त्याच वर्षी रस्त्यावरून गेली, पण हे त्याला सांगायला कुणी धजत नाही.

या टापूतला सगळ्यात मोठा घोटाळा घोड्याचा. सातव्या एडवर्डचा घोड्यावरचा मूळ पुतळा १९६५ साली इथून हलवून राणीच्या बागेकडे नेण्यात आला. आजचा बिनस्वाराचा घोडा २०१७ साली बसवला गेला. म्हणजे पूर्वाश्रमीचा मुंबईकर कॉलेजात असताना काळ्या घोड्याला घोडाच नव्हता. तरीही त्या घोड्याखाली आपण मित्रांची वाट बघत किती तरी संध्याकाळी काढल्या, हे तो तपशीलवार सांगतो. त्या दिवशी जोडप्यांना जागेवर सापडलेली त्याच्या आठवणीतली ही एकच वस्तू, त्यामुळे सगळे तिचे भरभरून फोटो काढतात.

खाण्याचा भाग थोडक्यात आटोपण्यासारखा आहे. रस्त्यावरचा वडापाव होतोच. ‘आमची पोटं याच्यावरच पोसलेली आहेत,’ असं म्हणून तो पहिला घास घेतो, चटणी उकळलेल्या पाण्यातली आहे का हे हळूच विचारतो आणि खिशातली गोळी घेतो. जोडपी प्रत्येकी दोन-दोन खातात. त्यांना काहीही होत नाही.

मग दादर. तिथे मामेभाऊ राहतो, त्याला आधी फोन झालेला असतो आणि वहिनींनी सुरमई तळलेली असते. जुन्या चाळीच्या जागी बत्तीस मजली टॉवर उभा असतो. रखवालदार वहीत नाव, फ्लॅट नंबर आणि येण्याचं कारण लिहायला सांगतो. ‘अरे, मी इथेच जन्मलो,’ हे कारण म्हणून चालत नाही. वर गेल्यावर कळतं, की मामेभाऊ फोर्टात गेल्याला कित्येक वर्षं झालीत, घारापुरीची लेणी त्याने शाळेच्या सहलीनंतर पाहिलेली नाहीत, आणि ‘तिकडे सगळं आहे अजून?’ असं तोच पाहुण्याला विचारतो. पाहुणा ‘आहे की’ म्हणतो. वडापाव पोटात असल्यामुळे सुरमई निम्मी राहते आणि वहिनी म्हणतात, ‘भाऊजी, तिकडे जाऊन तुमचं खाणंच गेलं.’

साडेतीनला टॅक्सीवाला कोस्टल रोड सुचवतो. वरळीहून मरीन ड्राइव्ह काही मिनिटांत. मेट्रो तर दादरहून जमिनीखालून थेट सीएसएमटीला जाते. पण त्याच्या नकाशात समुद्रात रस्ता नाही आणि जमिनीखाली गाडीही नाही. ‘पेडर रोडने घे, मला सांगू नको,’ असं तो हाजी अलीच्या अलीकडे म्हणतो. पेडर रोडवर प्रभुकुंज दाखवून लता मंगेशकरांविषयी बोलून होतं, तरी गाडी प्रभुकुंजसमोरच असते. तेव्हा तो आशाताईंविषयीही बोलतो. पाच वाजता जहाजावर परतायचं असतं. पाचला पाच कमी असताना ग्रीन गेटपासून पुढे धावणाऱ्यांत जोडपी पुढे असतात.

बायको तोवर आंघोळ करून डेकवर चहा पीत असते. तिने गेटवे, वस्तुसंग्रहालय, मणिभवन आणि महालक्ष्मीचा धोबीघाट पाहिलेला असतो. शिवाय गाइडने ताजच्या दरवाज्याची खरी गोष्ट सांगितलेली असते आणि बायको ती सगळ्यांसमोर सांगते.

पुढचं बंदर कोची. इथे पूर्वाश्रमीच्या मुंबईकराची लक्षणं पूर्ण मावळतात. तो टोपी घालून सहलीच्या बसमध्ये पहिल्या सीटवर बसतो, चिनी जाळ्यांसमोर स्वतःचा फोटो काढून घेतो, गाइड म्हणेल त्याला मान डोलावतो आणि एकदाच हात वर करून विचारतो, की जेवण समाविष्ट आहे का.