कोयनेला पर्याय सापडला

पुण्याच्या तपकीर गल्लीत एका दुकानाच्या पायरीवरच खोकं मांडलं होतं. त्यावर ठसठशीत छापलेलं: १२००० वॅट, पीएमपीओ. पोटात दोन बुटके स्पीकर, एक बारकासा वूफर आणि कोपऱ्यात काळा अडॅप्टर. अडॅप्टरवर मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरांत १२ व्होल्ट, २ अँपिअर. गुणाकार केला तर २४ वॅट होतात. म्हणजे आत चोवीस जातात आणि बाहेर बारा हजार येतात! कोयना जलविद्युत प्रकल्पाची क्षमता १९६० मेगावॅट. अशी दीड-पावणेदोन लाख खोकी ओळीनं जोडली की कोयना बंद करून तिथं नुसतं बोटिंग ठेवायलाही हरकत नाही. महावितरणला कुणीतरी कळवायला हवं.

पीएमपीओ नेमका कसा मोजायचा, याचं सर्वमान्य प्रमाण नाही. ज्याची जशी श्रद्धा. सलग किती ताकद मिळते ते सांगणारा आरएमएसचा आकडा विचारावा, तर गिऱ्हाइकाचंच तोंड पडतं. ‘‘वीसच? काका, आमच्या हॉलमधला बल्ब साठचा आहे.’’ एका वॅटवर एका मीटर अंतरावर ८८ डेसिबल देणारा स्पीकर काही दुर्मीळ नाही. तेवढ्यात वरच्या मजल्यावरून काठी आपटली जाते. पण एक वॅट घ्यायला तपकीर गल्लीत कोण येतं?

ओहमची तऱ्हा आणखी न्यारी. ‘‘चारचा नको, आठचाच द्या. पैसे मोजतोय तर पुरता माल घेऊ.’’ ओहम हा अडथळा आहे, तो विकत घेताना जास्त मिळाला म्हणून आनंद मानायचा नसतो, हे दुकानदार एकदा सांगतो. दुसऱ्यांदा सांगत नाही, त्यालाही धंदा करायचा असतो. मग हा दादा आठ-आठ ओहमचे चार नग घरी नेतो आणि सगळ्यांच्या तारा एकत्र पिळून मशीनच्या एकाच चॅनेलला खुपसतो. अशा जोडणीत आठाचे दोन होतात, आणि मशीन बिचारं चार ओहमपर्यंतच झेपणारं. प्रोटेक्शनचा लाल दिवा लागतो. दादा मित्रांना बोलावून दाखवतो, ‘‘बघ, आता कसं फुल्ल पॉवरवर आलंय!’’

कॉइल भरून देणाऱ्या कारागिराची चूल मात्र एकाच समजावर पेटते: छोट्या आम्पनं मोठा स्पीकर जळत नाही. पन्नास वॅटचा आम्प, दोनशे वॅटचा स्पीकर, मग भीती कसली? आम्पला ताकदीबाहेर रेटलं की लहरींचे शेंडे कापले जातात, सपाट होतात. त्या कापाकापीतून मूळ गाण्यात नसलेल्या वरच्या कंप्रता जन्माला येतात आणि थेट ट्वीटरकडे निघतात. तिथली कॉइल केसासारख्या तारेची. दोनशे वॅट हा अख्ख्या पेटीचा आकडा, त्यात ट्वीटरच्या वाट्याला मोजके वॅट येतात. जळकी कॉइल चिमटीत धरून कारागीर दाखवतो, तरी मालक ठाम असतो: ‘‘नॉब तर अर्ध्यावरच होता!’’ अर्ध्या नॉबवर अर्धी ताकद, हा हिशोब कुठल्या शाळेत शिकवतात ते एकदा शोधून काढायचंय. मागून येणारा सिग्नल तगडा असेल तर आम्प अर्ध्या नॉबवरच आपली सगळी शिल्लक संपवून मोकळा होतो.

पण घरगुती गिऱ्हाइकाचं अज्ञान निदान चार भिंतींत मावतं. मंडळाचं मावत नाही. गेल्या वर्षी मिरवणुकीत एक गाडी होती, यंदा खजिनदारांनी दोन सांगितल्या. स्पीकर दुप्पट, मशीनं दुप्पट, जनरेटर दुप्पट, भाडंही दुप्पट. पहिल्या चौकातच त्यांनी साउंडवाल्याला गाठलं.

‘‘आवाज दुप्पट का नाही झाला?’’

‘‘भाऊ, वॅट दुप्पट केले की तीन डेसिबल वाढतात. कानाला दुप्पट वाटायचा तर दहापट वॅट लागतील.’’

‘‘तीन? एवढ्या पैशात नुसते तीन?’’

साउंडवाल्यानं आवाज उतरवून सांगितलं, की हा रहिवासी भाग आहे, नियमात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, आणि आपण ती गाडी सुरू केल्या केल्याच मागं टाकली. खजिनदारांचं लक्ष आधीच्या आकड्यातून हललं नव्हतं.

‘‘पंचावन्न चालतात ना? आपले तर तीनच वाढलेत. बावन्न बाकी आहेत अजून. तिसऱ्या गाडीला फोन लाव.’’