सामाईक जिन्याचा सुधारक

पाटण तालुक्यातील जुन्या एकत्र कुटुंबाच्या घराची वाटणी होते तेव्हा खोल्या भावांच्या नावे लागतात, परसातील फणस-आंबे मोजून दिले जातात, पितळेची भांडीसुद्धा जमिनीवर मांडून, चिठ्ठ्या टाकून वाटली जातात. परंतु सोपा, म्हणजे जोते चढून आल्यावर लागणारी आणि पाहुणा जिथे प्रथम टेकतो ती पुढची लांबट खोली, सोप्यातून माजघराकडे नेणारा अंधारा बोळ आणि माडीवर चढणारा जिना एवढ्या तीन जागा सामाईक राहतात. सामाईक जागेवर हक्क सांगायला सगळे भाऊ पुढे असतात आणि तिथले पोपडे झाडायला एकही नसतो, हा नियम इतका पक्का आहे की त्याला अपवाद म्हणून एक स्वतंत्र मनुष्यप्रकारच निर्माण व्हावा लागला. या प्रकाराला येथे 'सामाईक जिन्याचा सुधारक' असे म्हटले आहे. गावात त्याला 'मुंबईचे दादा' म्हणतात.

दादा हा बहुधा घरातला थोरला असतो आणि त्याची उमेदीची वर्षे मुंबईत, पुढे बाजार हलल्यावर नवी मुंबईत, माथाडी म्हणून गेलेली असतात. माथाडी म्हणजे डोक्या-पाठीवरून पोती वाहणारा कामगार. पाटण आणि शेजारच्या जावळी तालुक्यातील डोंगराळ गावांनी या कामाला पिढ्यान्‌पिढ्या माणसे पुरवली, त्यांची संघटना बांधणारे अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातल्याच मंद्रुळकोळ्याचे, आणि १९६९ साली माथाडी कायदा झाल्यावर या कष्टकऱ्यांना भविष्यनिर्वाह निधी नावाची वस्तू प्रथमच दिसली. ज्या माणसाने पाठीवर पोते घेऊन मालट्रकला लावलेल्या फळीवरून हजारो वेळा चढ-उतार केली, त्याला चढण म्हणजे काय हे कोणत्याही अभियंत्यापेक्षा अधिक कळते, असे मानायला हरकत नाही. दादाही तसेच मानतो, आणि पुढचे बरेचसे नुकसान त्यातूनच उद्भवते.

निवृत्तीची रक्कम हाती आल्यावर त्याने स्वतःच्या वाटणीची खोली दुरुस्त केली असती तर कोणी हरकत घेतली नसती. पण मग कोणी ती पाहिलीही नसती. सोपा आणि जिना यांचे तसे नाही. यात्रेचा पाहुणा, मुलगी बघायला आलेली मंडळी, पतसंस्थेचा वसुली अधिकारी आणि निवडणुकीतला उमेदवार हे सारे सोप्यातच बसतात, आणि बसल्या बसल्या त्यांची नजर जिन्यावर जाते. त्यामुळे नूतनीकरण सोप्यापासून करावे, स्वयंपाकघराचे पुढच्या वर्षी बघता येईल, असा सिद्धांत दादा मांडतो. स्वयंपाकघरातला धूर सोप्यात येत नाही तोवर या सिद्धांतात खोट काढणे अवघड आहे.

सुधारकाचे आगमन चैत्र-वैशाखात, गावच्या यात्रेच्या निमित्ताने होते. एस.टी.तून उतरताना त्याच्या एका हातात मिठाईचा पुडा आणि दुसऱ्या खिशात पोलादी टेप असते, मोबाइलमध्ये नवी मुंबईतील कोणा व्यापाऱ्याच्या बंगल्याच्या जिन्याची छायाचित्रे असतात, आणि चहाचा कप खाली ठेवण्यापूर्वी त्याने भिंतीवर टिचकी मारून, पोकळ आवाज ऐकून, अर्थपूर्ण मान हलवलेली असते. गवंड्याला निरोप त्याच संध्याकाळी जातो. पावसाआधी काम उरकायचे असे ठरते, कारण इथला पाऊस हा हवामानाचा विषय नसून मुदतीचा विषय आहे; तालुक्याच्या पश्चिम टोकाला कोयनानगरला वर्षाकाठी ५००० मिलिमीटरच्या आसपास पडणारा पाऊस पूर्वेकडे येता येता बराच उणावतो, तरी उघड्या पडलेल्या मातीच्या भिंतीची वाट लावण्याइतका तो पाटणपर्यंत सहज शिल्लक राहतो.

जुना जिना कसा होता हे पाहिल्याशिवाय सुधारकाचा पराक्रम समजणार नाही. माडीची उंची साधारण ९ फूट, म्हणजे २७४ सेंटिमीटर, धरली तर जुन्या सुताराने ती ११ टप्प्यांत काढलेली असते. टप्पा म्हणजे एका पायरीवरून दुसरीवर जाताना पाय जितका उचलावा लागतो ती उभी उंची, आणि ती येथे सुमारे २५ सेंटिमीटर भरते. पायटा, म्हणजे पाऊल टेकायची आडवी जागा, जेमतेम साडेसतरा सेंटिमीटर असल्याने उतरताना पाऊल तिरके ठेवावे लागते. कठड्याच्या जागी वरून एक दोरखंड सोडलेला असतो, तो धरून धरून गाठीपाशी चकचकीत झालेला असतो, आणि जिन्याच्या तोंडाशी एक तुळई अशा हिशेबाने आडवी गेलेली असते की घरच्या माणसाचे डोके तिला कधीही लागत नाही आणि नव्या जावयाचे पहिल्याच दिवशी लागते. हे सारे गैरसोयीचे होते यात शंका नाही. मात्र सगळा जिना मिळून जमिनीवर पावणेसहा फुटांपेक्षा अधिक जागा खात नव्हता, ही गोष्ट दादाच्या टेपने मोजलेली नसते.

राष्ट्रीय इमारत संहितेनुसार राहत्या घरातील जिन्याचा टप्पा १९ सेंटिमीटरपेक्षा उंच नसावा आणि पायटा २५ सेंटिमीटरपेक्षा कमी नसावा. फ्रान्समध्ये सतराव्या शतकात ब्लाँडेल नावाच्या वास्तुविशारदाने माणसाच्या पावलावरून जो ठोकताळा बसवला, की टप्प्याची दुप्पट आणि पायटा यांची बेरीज साठ-पासष्ट सेंटिमीटरच्या दरम्यान यावी, त्यातही हे माप बसते. आता या मापाने तीच ९ फुटांची माडी गाठायची तर १५ टप्पे आणि १४ पायटे लागतात, आणि जिन्याची जमिनीवरची लांबी साडेअकरा फूट होते. साडेअकरा फुटांचा जिना सोप्याच्या कोपऱ्यातून निघाला की त्याची पहिली पायरी नेमकी धाकट्याच्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबते. थोडक्यात, जुन्या जिन्याचा खडेपणा हे सुताराचे अज्ञान नव्हते. प्रत्येक खोली शाबूत ठेवून उरलेल्या जागेत वर जाण्याची ती तडजोड होती.

गवंड्याला हे आकडे तोंडपाठ नसतात, पण खडूने जमिनीवर रेघ मारताच सारे कळते. "दादा, जिना तुमचा हुईल, पर धाकल्या वैनींनी भाकरी थापायची कुटं?" असा प्रश्न तो विचारतो. मध्ये वळण घ्यावे तर देवघराची खिडकी जाते. जिना बाहेरून काढावा तर पाहुण्याला तो दिसत नाही, म्हणजे मूळ हेतूच बाद होतो. दोन दिवसांच्या चर्चेनंतर १३ टप्पे, २१ सेंटिमीटरची उंची आणि २२ सेंटिमीटरचा पायटा असा तोडगा निघतो, जो संहितेच्या दोन्ही अटी मोडतो आणि कुटुंबातील सर्वांना सारखाच नापसंत असतो. एकत्र कुटुंबात यालाच एकमत म्हणतात.

तेरा हा आकडा मात्र दादाला पसंत पडतो, कारण पायऱ्या विषम असाव्यात, उजवा पाय पहिल्या पायरीवर पडला तर वर पोहोचतानाही उजवाच पडावा, असा वास्तुशास्त्राचा दंडक त्याने ऐकलेला असतो. अडचण एवढीच की गवंडी टप्पे मोजतो आणि दादा पायऱ्या मोजतो. १३ टप्प्यांच्या जिन्याला पायऱ्या १२ होतात, कारण तेरावे पाऊल माडीच्या जमिनीवरच पडते. माडीची जमीन ही पायरी धरावी की न धरावी या प्रश्नावर काम एक दिवस पूर्ण बंद राहते, गावातील दोन जाणत्यांचा सल्ला घेतला जातो, आणि दोघे दोन बाजूंनी बोलल्यामुळे अखेर सोप्यातली जमीन हीच पहिली पायरी समजावी असा निवाडा दादा स्वतः देतो. मजुरी मात्र १२ पायऱ्यांचीच दिली जाते.

या प्रकरणातील गंभीर भाग भिंतीचा आहे. पाटणच्या जुन्या घराची भिंत दगड आणि मातीची असते. आत-बाहेर दगडांचे दोन पदर रचलेले आणि मध्ये खडी-मातीची भर. या दोन पदरांना शिवून धरणारे आरपार दगड जागोजागी नसतील तर हादऱ्यात पदर एकमेकांपासून सुटतात आणि पोटे काढून कोसळतात. ११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे कोयनेच्या भूकंपात या खोऱ्याने ते पाहिले. पावणेदोनशेच्या आसपास माणसे गेली, हजारो घरे पडली किंवा निकामी झाली, आणि धरणाच्या जलाशयामुळे भूकंप होऊ शकतात या चर्चेत कोयनेचे नाव जगभर गेले. खाली नेमके काय घडते हे तपासण्यासाठी आता शास्त्रज्ञांनी या भागात जमिनीत ३ किलोमीटर खोल छिद्र पाडले आहे. दादाच्या घराला तेवढ्या खोलात जाण्याची गरज पडत नाही, कारण जिन्यालगतच्या भिंतीवर १९६७ची चीर उघडी आहे.

ही चीर घराची जंगम नसली तरी वडिलोपार्जित मालमत्ता आहे. लहान मुलांच्या उंच्या तिच्या कडेने कोळशाने नोंदवलेल्या असतात, भूकंपग्रस्ताचा दाखला मागायला गेलेल्या पिढीने तिचे वर्णन कचेरीत केलेले असते, आणि अजूनही हादरा बसला की म्हातारी आई भांडी पाहत नाही, चिरेत बोट घालून पाहते. दादा ती चीर सिमेंटने लिंपून त्यावर गुळगुळीत पुट्टी चढवण्याचे फर्मान काढतो. "बुजव की," आई म्हणते, "पर पुन्यांदा हलली तर कुटनं कळायचं?" हा प्रश्न बांधकामशास्त्राच्या दृष्टीने अगदी योग्य आहे, वाढणारी चीर आणि जुनी थंडावलेली चीर यांतला फरक ती दिसत राहिली तरच कळतो. शिवाय मातीच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा मानवत नाही, कारण मातीत मुरलेला ओलावा चुन्यातून बाहेर पडतो तसा सिमेंटमधून पडत नाही, आतच कोंडतो, आणि एक-दोन पावसाळ्यांत गिलाव्याचे पत्रेच्या पत्रे सुटून येतात. लाकडी जिन्याऐवजी काँक्रीटचा जिना अशा भिंतीत घट्ट रोवणे हा आणखी धाडसाचा प्रकार. तिरका ताठ जिना दोन मजल्यांमध्ये टेकू होऊन बसतो आणि हादऱ्याचे बळ स्वतःकडे ओढतो, म्हणूनच भूकंपरोधक बांधणीच्या भारतीय मानकात जिन्याचा वेगळा विचार केलेला आहे. गवंडी तेच चार शब्दांत सांगतो: "लाकूड करकरतंय, पर सोडत न्हाई." दादा ऐकून घेतो आणि सिमेंटची आणखी दहा पोती मागवतो. पोत्यांच्या बाबतीत त्याचा अंदाज कधीही चुकत नाही, हे येथे न्यायाने नमूद केले पाहिजे.

यानंतर टाइल्सचा अध्याय येतो. पायऱ्यांवर बसणाऱ्या ग्रॅनाइटची जाडी गवंड्याने आधीच हिशेबात धरलेली असते. सोप्यातल्या शहाबादी फरशीवर चकचकीत टाइल्स घालायचे मात्र दादा जिना पुरा झाल्यावर, कराडच्या दुकानात नमुने पाहता पाहता ठरवतो. जुनी फरशी उखडण्याचा खर्च वाचावा म्हणून नवी तिच्यावरच बसवली जाते, सोप्याची जमीन ५ सेंटिमीटरने वर येते, आणि पहिला टप्पा २१वरून १६वर उतरतो. चढणाऱ्याचे पाऊल पहिल्या पायरीवरून जे माप शिकते तेच दुसऱ्या पायरीला लावते. त्यामुळे या घरात जो तो दुसऱ्या पायरीवर ठेचकाळतो. एका पावसाळ्यात घरच्यांना सवय होते, पण पाहुणे बदलते असल्याने त्यांना होत नाही. तुळई कापून टाकल्यामुळे जावयांची जी सुटका झाली होती ती अशा रीतीने अल्पकाळच टिकते.

जुना सागवानी जिना परसात उभा राहतो. भंगारवाला त्याचे जळाऊ लाकडाच्या भावाने पैसे सांगतो, धाकटा त्याच्या फळ्यांची कोंबड्यांची खुराडी करू म्हणतो, आणि दादा दोघांनाही थोपवतो, कारण महाबळेश्वरच्या वाटेवरील एका हॉटेलात असाच जिना, वर न जाता नुसता भिंतीला टेकवून, शोभेसाठी ठेवलेला त्याने पाहिलेला असतो. त्याचे पुढे काय करायचे हे ठरत नाही. तूर्त त्याच्यावर वाळवणे घातली जातात.

शेवटी हिशेब. दादा वहीत सिमेंट, वाळू, टाइल्स, ग्रॅनाइट, मजुरी आणि गवंड्याचा चहा असा खर्च मांडून तो तिघा भावांत सारखा विभागतो. मधला भाऊ पिंपरीला असल्याने फोन उचलत नाही. धाकटा समोर असल्याने त्याला बोलावेच लागते, आणि त्याचा युक्तिवाद असा असतो की त्याचे बिऱ्हाड खाली आहे, माडीवर त्याचे काही नाही, सबब न चढलेल्या जिन्याचे पैसे त्याने का द्यावेत. त्यावर दादा माडीवरच्या भाताच्या बियाण्याच्या कणग्या दाखवतो. धाकटा त्या आईच्या आहेत म्हणतो. आई त्या कोणाच्याही नाहीत, पेरायच्या आहेत म्हणते. बऱ्याच वेळाने धाकटा एवढे मान्य करतो की विजेचा मीटर जिन्यालगतच्या भिंतीवर उंच बसवलेला असल्याने तो वाचायला त्याला तिसऱ्या पायरीपर्यंत चढावे लागते, आणि तीन पायऱ्यांचे पैसे भात विकल्यावर तो देईल. दादा वहीत तसे लिहून घेतो, आणि त्यातली दुसरी पायरी सदोष असल्याने तिची निम्मीच रक्कम धरावी ही धाकट्याची सूचना पुढच्या यात्रेपर्यंत विचाराधीन ठेवतो.