चौथी 'ब'चा इतिहास: नव्या बाई-गुरुजींसाठी सूचना

मुख्याध्यापकांनी वेळापत्रक हातात ठेवलं आणि तुमच्या नावापुढे 'चौथी ब, परिसर अभ्यास भाग 2' असं दिसलं, तर घाबरू नका. गणिताला माणूस शोधावा लागतो, इंग्रजीला तर शोधूनही मिळत नाही. इतिहास मात्र कोणीही शिकवतं, अशी शाळाशाळांतून पक्की समजूत आहे. तिचा फायदा घ्या. वर्ष कसं काढायचं ते मी सांगते. माझी अशी तीस वर्षं गेली आहेत.

आधी विषय कुठे आहे तो शोधा. प्रगतिपुस्तकात 'इतिहास' नावाचा रकाना सापडणार नाही. चौथीला तो परिसर अभ्यासाच्या पोटात असतो. भाग 1 मध्ये पाणी, हवा, अन्न वगैरे, भाग 2 मध्ये शिवछत्रपती आणि दोहोंची मिळून श्रेणी एकच. त्यामुळे ज्या मुलाला प्रतापगडाचा धडा तोंडपाठ आहे पण अन्नाचा धडा येत नाही, ते ब-1 वर येऊन थांबतं. मग पालकसभेत आई विचारते, "बाई, नक्की कशात कमी पडला हो?" याचं उत्तर जूनमध्येच तयार करून ठेवा.

दुसरी गंमत पाचवीच्या बाई सांगतील. 2015 साली आलेलं पाचवीचं पुस्तक 'इतिहास म्हणजे काय?' या प्रश्नापासून सुरू होतं. म्हणजे चौथीत एक संपूर्ण चरित्र वाचून, पाठ करून, परीक्षा देऊन झालं की पाचवीत मुलांना कळतं की आपण वर्षभर करत होतो त्याला इतिहास म्हणतात. कळेपर्यंत ती अश्मयुगात पोचलेली असतात. हे कोणी ठरवलं, असं विचारायला सेनापती बापट रस्त्यावर 'बालभारती'त जाऊ नका. तिथे पुस्तकांचं भांडार छान आहे, तेवढं बघून या.

आता वर्गात शिरा. इथे तुम्हाला आढळेल की मुलांना सगळं आधीच माहीत आहे. मालिका पाहिलेली असते, पोवाडे ऐकलेले असतात, सिंहगडावर पिठलं-भाकरी खाल्लेली असते. घरी आजोबा असतील तर बघायलाच नको. तीन पिढ्यांनी चौथीत हाच विषय शिकलेला असल्यामुळे पुण्यातल्या प्रत्येक घरात तुमच्यापेक्षा एक जास्त शिकलेला इतिहासकार बसलेला असतो. तुम्ही फळ्यावर '19 फेब्रुवारी 1630' लिहिता आणि दुसऱ्या दिवशी वहीत आजोबांच्या अक्षरातली चिठ्ठी येते: "आम्हाला 1627 शिकवले होते. कृपया खुलासा व्हावा."

या चिठ्ठीला 'पुस्तकात आहे तेच बरोबर' असं उत्तर लिहा आणि खाली सही करा. नाहीतर तुम्हाला सांगावं लागेल की जेधे घराण्याकडे एक शकावली होती, ती लोकमान्य टिळकांनी 1916 साली प्रसिद्ध केली, तिच्यात शके 1551 ची फाल्गुन वद्य तृतीया होती, त्यावर विद्वानांचे वाद झाले आणि ते मिटायला कित्येक वर्षं गेली. एवढं सांगितलंत तर मुलं विचारतील की शकावली म्हणजे काय, ती कोणी लिहिली, त्याला कसं माहीत. तास पस्तीस मिनिटांचा असतो. त्यातली दहा हजेरीत आणि खिचडीच्या ताटल्यांत जातात.

'कसं कळलं?' या प्रश्नापासून सांभाळून राहा. तो एकदा वर्गात शिरला की बाहेर काढता येत नाही. तानाजीच्या धड्याला हमखास एखादा उठून विचारतो, "बाई, घोरपडीला दोर बांधून खरंच चढता येतं?" अशा वेळी करडा चेहरा करून "खाली बस" म्हणायची पद्धत आहे. घोरपड लोकांच्या तोंडून आपल्यापर्यंत आली, कागदांतून आली नाही, किंवा 'सिंहगड' हे नाव तानाजींच्या आधीच्या पत्रातही सापडतं, असलं काही बोलू नका. संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर तुमचं नाव येईल, आणि ते घोरपडीच्या बाजूने नसेल.

नाटुकलं बसवायचं असेल तर प्रतापगडचं बसवा. शिवाजी महाराज व्हायला अठ्ठावीस मुलं तयार असतात, अफजलखान व्हायला कोणी नाही. शेवटी वर्गातल्या अंगाने भरलेल्या मुलाला पोटावर उशी बांधून उभं करतात आणि तो वर्षभर 'खान' म्हणून ओळखला जातो. मी एकदा ही भूमिका वर्गातल्या सगळ्यात काटकुळ्या मुलाला दिली. तो असा काही मेला की मुलांनी त्याला तीन वेळा मरायला लावलं. वाघनखं मात्र पुठ्ठ्याचीच करा. खऱ्यांबद्दल विचारलं तर म्हणा, 2024 मध्ये लंडनहून वाघनखं साताऱ्याच्या संग्रहालयात आली होती. ती तीच का, हा प्रश्न कोणी विचारलाच तर घंटा होईपर्यंत फळा पुसा.

क्षेत्रभेटीबद्दल जरा सविस्तर सांगते, कारण नवखे इथेच फसतात. पुण्यात इतिहास पायाखाली आहे, असं सगळे म्हणतात. पायाखाली आहे म्हणूनच दिसत नाही. भिडेवाड्यात 1848 साली फुल्यांनी मुलींची शाळा सुरू केली, ते दाखवायला मुलांना दगडूशेठसमोर नेलंत, तर तो वाडाच डिसेंबर 2023 मध्ये स्मारकासाठी पाडलेला. शनिवारवाड्यात नेलंत, तर 1828 च्या आगीत आतलं सगळं जळालेलं. मुलांना दिसतो दिल्ली दरवाजा, हिरवळ आणि जोती. मग ती विचारतात, "बाई, भूत कुठल्या बाजूला आहे?" नारायणरावांचा खून 30 ऑगस्ट 1773 चा, हे एकाला सांगता येत नाही, 'काका मला वाचवा' चाळीस जण एका सुरात ओरडतात.

आणि लाल महाल. पहिल्याच वर्षी मी मुलांना तिथे घेऊन गेले. 'शायिस्ताखानाची फजिती' हा धडा नुकताच झाला होता, मुलं पेटलेली. एक चिमुरडी भिंतीवरून हात फिरवत फिरवत गेली, प्रत्येक खिडकीशी थांबली, चौकटीवर बोटं टेकवून बघितली. मग माझ्याकडे येऊन हळू आवाजात म्हणाली, "बाई, इथे काहीच खूण नाही." मी तिला सांगायला हवं होतं की ही इमारत महापालिकेने बांधली, 1988 साली पूर्ण झाली, जुना महाल कधीच गेला. तिने योग्य जागी योग्य गोष्ट शोधली होती आणि ती न सापडल्याचं नोंदवलं होतं. संशोधक मंडळातली माणसं यापेक्षा वेगळं काय करतात? मी म्हणाले, "रांगेत उभी राहा."

तिला सहामाहीत काय मिळालं, तेही सांगते. प्रश्न होता: 'कारण लिहा. शायिस्ताखानाची बोटे तुटली.' अपेक्षित उत्तर: 'कारण शिवरायांनी वार केला.' तिने लिहिलं: 'कारण तो खिडकीतून पळत होता आणि हात मागे राहिला.' मी त्यावर लाल गोळा केला. आज विचार करते तर वाटतं, दोनांपैकी दोन द्यायला हवे होते, वर अर्धा आणखी.

आता पेपर काढायला शिका. रिकाम्या जागा, जोड्या लावा, कोण कोणास म्हणाले, एका वाक्यात उत्तरे, टीपा. 'पुरंदरच्या तहात शिवरायांनी ___ किल्ले दिले' हा प्रश्न विसरू नका. 23 हा आकडा पुणे जिल्ह्यातल्या मुलांना स्वतःच्या रोल नंबरइतका पक्का असतो. 'महाराजांनी इतके किल्ले का दिले असतील? देऊन काय वाचवलं?' असं विचारू नका. त्याला चाळीस प्रकारची उत्तरं येतात आणि चाळीसही वाचावी लागतात. शायिस्ताखानाची बोटं किती, हेच विचारा. तीन. पाच एप्रिल 1663 च्या त्या रात्रीत खानाचा मुलगा मारला गेला, पुढे औरंगजेबाने खानाला बंगालच्या सुभ्यावर धाडलं, आणि तिकडे ढाक्यात त्याचं नाव काढलं की लोकांना रुपयाला आठ मण तांदूळ आठवतो, ही माहिती स्वतःपुरती ठेवा. एकाच माणसाचं एका गावात एक आणि दुसऱ्या गावात दुसरं सांगतात, हे नवव्या वर्षी कळलं तर मूल पुढे वर्तमानपत्रसुद्धा संशयाने वाचेल.

मूल्यमापनाला 'परीक्षा' म्हणू नका. 20 ऑगस्ट 2010 च्या शासन निर्णयापासून ते सातत्यपूर्ण सर्वंकष झालं आहे. आकारिक वेगळं, संकलित वेगळं, आणि प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी करायच्या. कल्पना चांगली आहे, खरंच चांगली. मुलाला रोज बघावं, जे दिसेल ते लिहावं, असं तिच्यात आहे. अडचण एवढीच की मुलं चाळीस, विषय कितीतरी आणि मध्ये निवडणुकीचं काम. म्हणून नोंदींची पीडीएफ मोबाइलवर फिरत असते. 'ऐतिहासिक घटना क्रमाने सांगतो', 'ऐतिहासिक वास्तूंविषयी आदर बाळगतो', 'थोर व्यक्तींचे गुण सांगतो'. उतरवताना एवढी काळजी घ्या की मुलींच्या नावापुढे 'सांगतो' राहू नये. तपासणीला आलेले साहेब नोंद वाचत नाहीत, पण हे त्यांना बरोबर दिसतं.

प्रकल्प द्यायचा तर 'शनिवारवाडा करून आणा' असं सांगा. अप्पा बळवंत चौकात तयार पुठ्ठे मिळतात आणि बाकीचं बाबा रात्री साडेअकरापर्यंत करतात. श्रेणी कोणाला द्यायची, हा तुमचा प्रश्न. मी एकदा एका दरवाज्याच्या कमानीला अ-1 दिली होती. वडील वास्तुविशारद निघाले.

एका वर्षी मात्र मी चूक केली. घरातल्या सर्वांत मोठ्या माणसाला विचारा आणि लिहून आणा, असं सांगितलं: 12 जुलै 1961 ला पानशेत फुटलं तेव्हा तुम्ही कुठे होतात? दुसऱ्या दिवशी वह्या आल्या. एका आजीचा पूर सकाळी आला होता, दुसरीचा दुपारी. एकीने सांगितलं, पाणी जिन्याच्या सातव्या पायरीला लागलं. तिच्याच धाकट्या भावाने सांगितलं, पाचव्या. निम्म्या वर्गाच्या घरी पूर आलाच नव्हता, कारण मंडळी तेव्हा पुण्यात नव्हती. त्यांनी लिहून आणलेलं वेगळंच होतं. कोणाचा कोयनेचा भूकंप, 1967. कोणाचा बहात्तरचा दुष्काळ, सुकडी आणि खडी फोडणं. एका मुलाच्या आजीने किल्लारी सांगितली होती, ती त्याने दीड पान लिहिली. एरवी त्याची एका वाक्यातली उत्तरंही अर्धी असत.

मग वर्गात भांडण लागलं. सातवी पायरी की पाचवी? एक म्हणाला, आजी मोठी होती म्हणून तिचं खरं. दुसरी म्हणाली, मोठी होती म्हणजे उंच होती, तिला कमी वाटायला हवं. तिसऱ्याने सुचवलं, वाडा अजून आहे का बघू, पायऱ्या मोजू. दोन तास गेले. विज्ञानाच्या बाई दोनदा दारात येऊन गेल्या. या सगळ्याला काय श्रेणी द्यायची ते मला कळेना. आदर्श उत्तरपत्रिका तयार करायला मलाच बरोबर उत्तर माहीत नव्हतं. तुम्ही असं करू नका, किंवा केलंत तर शनिवारी करा, अर्धा दिवस असतो.

शेवटची सूचना दिवाळीची. सुट्टीत तुमच्या वर्गातली निम्मी मुलं चिखलात असतील. कुंभारवाड्यातून मावळे येतात, गोणपाट येतं, दगड-विटा कुठून येतात ते सोसायटीच्या चेअरमनना विचारावं. सुट्टीतून वेळ मिळाला तर एखाद्याच्या अंगणात किंवा पार्किंगच्या कोपऱ्यात जाऊन उभ्या राहा. माझ्या वर्गातल्या एकाचा किल्ला मी असाच बघितला. उतारावर अळीव उगवलेलं, गडावर महाराज सिंहासनावर, पायथ्याशी मावळ्यांच्या ओळीत एक क्रिकेटचा बॅट्समन उभा. मी विचारलं, "पाणी कुठे आहे रे?" त्याने तळहाताएवढं टाकं दाखवलं. म्हणाला, "आधी खाली केलं होतं. मग दादा म्हणाला, वेढा पडला तर खालचं पाणी शत्रूचं. म्हणून वर आणलं. पण चार मावळ्यांनाच पुरेल, म्हणून बाकीचे काढून ठेवले." शेजारी खोक्यात सात मावळे आडवे होते.

हे पोर लेखी परीक्षेत काठावर होतं.

मूल्यमापनाच्या साधनांत आठवं साधन 'इतर' असं आहे. नोंदवहीत ते बहुधा कोरं राहतं. सुट्टीनंतर शाळा उघडली की त्या जागी किल्ल्याची नोंद करा, टाक्यासकट.