उजेडवाले दाजी

सणसवाडीला ताईकडे गेलो की दाजी 'कधी निघालात, चहा घ्या' वगैरे म्हणत नाहीत. 'पावणं, जरा दारातनं सरका, उजेड अडतोय,' म्हणतात. मी सरकतो. आत फरशीवर बनियन-लेंग्यातले दाजी पालथे पडलेले असतात, हनुवटी जमिनीला टेकलेली, आणि पुढ्यात हातभर अंतरावर टिप्या नावाचं काळं गावठी कुत्रं जांभई देत असतं. जांभई संपली की दाजी बटण दाबतात. त्यांना जांभईच हवी होती.

अशी माणसं आता गल्लीगल्लीत आहेत. यांच्या मोबाईलमध्ये बायकोचे चार फोटो आणि मांजरीचे चार हजार. आपण 'कुत्रं गोड आहे हो' म्हटलं तर त्यांना ते पुरत नाही. 'डोळ्यातली खिडकी दिसली का? झूम करा, झूम करा,' म्हणून ते मोबाईल आपल्या नाकाला लावतात. जागा संपल्याचं मोबाईल दर आठवड्याला बजावतो. मग लग्नाकार्यातले नातेवाईक पुसले जातात. मी दोनदा पुसला गेलोय.

दाजी नगर रोडवरच्या एका कंपनीत क्वालिटीला आहेत. वीस वर्षं झाली. सुटा भाग हातात घ्यायचा, गेज लावायचा, बसला तर पुढं, नाही बसला तर लाल बिनमध्ये. तीच नजर घेऊन ते शिफ्ट सुटल्यावर घरी येतात. अडचण एवढीच, की कंपनीतला भाग टेबलावर ठेवला की ठेवल्या जागी राहतो.

त्यांचं शास्त्र मात्र खोटं नाही, हे मला मान्य करावं लागेल. उभ्यानं काढलेल्या फोटोत कुत्र्याची पाठ आणि आपल्या पायाचे अंगठे येतात. त्याच्या डोळ्याच्या उंचीला गेलं की ते माणसात येतं. उजेड खिडकीचा, एका बाजूनं. फ्लॅश बंद. कुत्र्या-मांजरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा एक थर असतो, अंधारात दिसावं म्हणून. फ्लॅश त्याच्यावर आपटून थेट कॅमेऱ्यात परत येतो. घरातल्या मनी मांजरीचा असा एक हिरव्या डोळ्यांचा फोटो निघाला होता. तो बघून भाची दोन रात्री आजीच्या गोधडीत झोपली.

काळ्या-पांढऱ्याचं गणित तर ते जेवताना ताटात समजावतात. कॅमेरा समोरचं सगळं करडंच आहे असं धरून उजेडाचा हिशेब लावतो. म्हणून काळा टिप्या राखेत लोळल्यासारखा येतो आणि पांढरी मनी न धुतलेल्या टॉवेलसारखी. तेव्हा पडद्यावर बोट टेकवून काळ्यासाठी उजेड खाली ओढायचा, पांढऱ्यासाठी वर. हे सांगताना भाताशेजारी जळका पापड ठेवतात. पापड जळल्याचं खापर ताईवर फुटतं, ती उठून जाते, व्याख्यान चालू राहतं.

घराच्या कडेला दाजींनी आठ खोल्या बांधून भाड्यानं दिल्यात. कंपन्यांतली पोरं राहतात, कुणी मराठवाड्यातली, कुणी बिहारची. एकदा रात्रपाळीहून आलेल्या दोघांनी पहाटे पालथे पडलेले मालक बघितले. एकानं पळत जाऊन कांदा फोडून आणला आणि दुसऱ्यानं डोकं धरून तो नाकाला लावला. दाजी ओरडले, टिप्या पळाला, पोरांनी भाडं वाढणार असं धरून आठवडाभर मान खाली घातली.

पळणाऱ्या टिप्याचा फोटो हे त्यांचं खरं दुखणं. शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाइतकं तरी जलद पाहिजे, आणि ट्यूबलाइटच्या उजेडात ते होत नाही. त्यावर मायब्रिज नावाच्या फोटोवाल्याची गोष्ट ठरलेली. १८७८ साली कॅलिफोर्नियात स्टॅनफर्ड नावाच्या श्रीमंत माणसाच्या घोड्यांपुढं त्यानं बारा कॅमेरे ओळीनं मांडले आणि दौडणाऱ्या घोड्याचे चारी पाय एका क्षणी जमिनीवरून सुटतात हे दाखवून दिलं. 'बारा कॅमेरे, पावणं! आणि मालक शेजारी उभा. इथं मालक पण मीच, फोटोवाला पण मीच, आणि बिस्किट दाखवणारा पण मीच.' बिस्किट पार्ले-जी. कागद चुरचुरला की टिप्या कान टवकारतो, मान वाकडी करतो. पहिल्या पुड्याला. तिसऱ्या पुड्यापासून तो फक्त पुडा कुठं ठेवला ते बघतो.

संध्याकाळचा तिरपा उजेड सर्वांत चांगला, पण शिरूर तालुक्यात उसाच्या कडेला ती वेळ बिबट्याचीही असते. ताई कुत्रं, मांजर आणि नवरा एकाच हाकेत आत घेते.

पलीकडच्या आळीतले एक गृहस्थ पिंजऱ्यातला पोपट घेऊन आले होते. आपल्याकडचा देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं गुन्हा आहे. दाजी म्हणाले, 'काढतो की. पण एवढा स्वच्छ काढीन, की फॉरेस्टवाल्यांना पंख मोजता येतील.' गृहस्थ पिंजऱ्यावर टॉवेल टाकून परत गेले.

मागच्या पावसाळ्यात मावशींच्या, म्हणजे दाजींच्या आईच्या, म्हशीचा विमा उतरवायचं ठरलं. म्हैस पंढरपुरी. डॉक्टरांनी कानात पिवळा बिल्ला मारला, त्यावर बारा आकडी नंबर. विम्याला बिल्ल्यासकट फोटो लागतो. दाजींनी सुट्टी टाकली.

गोठा धुतला. पेंडीचं पोतं, शेणाची पाटी, मोडका कूलर, सगळं बाहेर. मावशी म्हणाल्या, 'तिला बघाया येणारेत का रं कुणी?' शिंगं खांद्यामागं तलवारीसारखी गेलेली. ती मावेनात म्हणून दाजी मागं सरकत सरकत उकिरड्यात गेले. दोन दिवस ढगांनी घालवले. तिसऱ्या दिवशी सकाळी उजेड बाजूनं आला, म्हशीनं रवंथ थांबवला आणि दाजींकडं बघितलं. फोटो खरोखर देखणा होता. मागचं सगळं धूसर, काळा रंग काळाच, डोळ्यात गोठ्याचं दार. आमच्या अख्ख्या घराण्यात इतका समाधानी चेहरा कुणाचा आलेला नाही. दाजींनी तो आधी स्टेटसला ठेवला, मग विम्याच्या माणसाला पाठवला.

दहा मिनिटांत उत्तर आलं: 'नंबर ब्लर आहे. रिजेक्ट.'

डोळे स्पष्ट आले होते, पण कान थोडा मागं असतो. मागच्या पत्र्याबरोबर मोबाईलनं बिल्लाही धूसर करून टाकला होता. वीस वर्षं दुसऱ्यांच्या मालावर जो शब्द दाजी लिहीत आले, तो त्यांनी पहिल्यांदा स्वतःच्या मालावर वाचला. चहा निवला तरी उचलला नाही.

शेवटी खोली नंबर पाचमधल्या पोरानं भर दुपारी, उभ्यानं, फ्लॅश मारून फोटो काढला. म्हशीचे डोळे मिटलेले, मागं दोरीवर वाळणारे लेंगे, कडेला दाजींचा अर्धा खांदा. बारा आकडे मात्र लख्ख. पहिल्या फटक्यात पास झाला.

दाजींनी तो लगेच मोबाईलमधून पुसला. विम्याच्या कागदावर तोच आहे.